नमुना एकतीस

रविवारीही त्यांना जेवण लागतं.
महापे एमआयडीसीत त्या दिवशी चहाची टपरीसुद्धा बंद,
वॉचमन खैरमोडे रजिस्टर पुढे सरकवतो,
'कारण' या रकान्यात मी लिहिते : खाद्य बदलणे.

बाटलीत कुणा ओ पॉझिटिव्ह माणसाचं रक्त,
मुदत संपली म्हणून रक्तपेढीनं दिलेलं,
आणि त्या रक्तात हिवतापाचे जंतू.
शिळं पाणी काढते, ताजं घालते,
काचेच्या हंडीत मेणबत्ती लावते, झाकण ओढते.
ज्योत धापा टाकत विझते.
उरलेली हवा त्यांना मानवते.
तिन्हीसांजेला घरी सासूबाई तुळशीपाशी दिवा लावतात.
मी कुणापुढे लावते
ते त्यांना अजून नीट सांगितलेलं नाही.

ज्यांना मारायचं त्यांना आधी जगवावं लागतं,
तेही चांगलं :
उपाशी जंतू मेला तर ते यश औषधाचं नव्हे.

एकतीस नंबरची साल येऊरची.
लखमीबाई वरठांनी दाखवलेली सातवीण,
पाड्याच्या वरच्या अंगाला.
कोयत्यानं दोन बोटं रुंद पट्टी काढली.
पांढरा चीक घरी पोचेपर्यंत नखांत होता.
विचारलं, ताप आला की किती घेता?
त्या हसल्या.
"ताप आला का मी सिव्हिलला जाते.
गोळ्या देतात. चौदा दिवस.
साल माझा आजा उकळायचा,
रस्ता नव्हता तवा."
हे कुठल्या रकान्यात लिहू, कळेना.
'स्थानिक वापर' यापुढे लिहिलं : होता.

सावलीत सुकवली, कुटली, अल्कोहोलात भिजवली.
तळाशी उरली काकवीसारखी काळी कडू राब.
तिचे थेंब, दर वेळी निम्मे पातळ करत,
शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत.
शेवटच्या ओळीत क्लोरोक्विन,
वर्गात एक हुशार मुलगा बसवून ठेवतात तसं.
मग अठ्ठेचाळीस तास.
तेवढ्यात एक पिढी वाढते, पेशी फोडून बाहेर पडते;
तेवढ्याच तासांच्या हिशेबानं
उलव्याच्या साइटवर कुणीतरी
सिमेंटच्या गोण्या अंगावर ओढून कुडकुडतो.

बुधवारी काच रंगवली.
तेलाचा थेंब, मोठं भिंग,
जांभळ्या अंगठ्या शोधायला बसले.
एकही नाही.
सरकवली काच. नाही.
डॉक्टर तळपदेंना हाक मारली
आणि ते येईपर्यंत माझी मला चूक दिसली :
अंगठ्या नव्हत्या, कारण बोटंच नव्हती.
रक्तपेशी सगळ्या फुटून गेलेल्या.
घर पाडून उंदीर मारला होता आम्ही.

पातळ थेंबांच्या खळग्यांत पेशी शाबूत.
अंगठ्याही शाबूत, ठणठणीत,
जशी काही साल त्यांनी चाखलीच नाही.

त्याच आठवड्यात पालिकेची माणसं आली,
बॅटरी मारत, कुंड्या उचलत.
रिसेप्शनच्या मनी प्लांटखाली, बशीत,
डासांच्या अळ्या.
पाचशे रुपये दंड.
पावतीवर आस्थापनेचं नाव,
त्याखाली स्वच्छ अक्षरात : हिवताप संशोधन.
तळपदेंनी ती टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.
कुणी निधीचं विचारलं की
बोट ठेवून दाखवतात.

पुन्हा येऊरला गेले तेव्हा
सातविणीची जखम कडांनी आत वळत होती,
ओठ मिटावेत तशी.
लखमीबाईंनी विचारलं, "लागली का लागू?"
नाही म्हटलं. रक्तच फोडते.
त्या जराशा थांबल्या.
"मग आजा कसा जगला?"
मला उत्तर येत नव्हतं.
पाण्यात उकळायचा, अल्कोहोलात नव्हे, हे एक.
कदाचित तो ताप हिवताप नसेल, हे दुसरं.
कदाचित आजा नुसताच चिवट असेल.
यातलं काही बोलले नाही.
वहीत फक्त लिहिलं :
एकतीस अ, पाण्यातला काढा, पुन्हा.

त्यांनी कोयता माझ्याकडे दिला
आणि म्हणाल्या,
"या अंगानं काढ. तिकडची अजून दुखत असंल."